जीएमटी नानांची साडेपाचची पहाट

जीएमटी नानांना वेळ विचारली की ते घड्याळाकडे न बघता आधी उलट विचारायचे, "कोणाची?" विचारणारा नवखा असला तर गोंधळायचा. वेळ कोणाची म्हणजे काय, वेळ ती वेळ. मग नाना मनगट पुढे करायचे आणि त्या घड्याळात भर दुपारी सकाळचे सात वाजलेले असायचे. आमच्या पावस गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना वेळ विचारायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे. बाहेरून आलेला एखादा आंब्याचा दलाल तेवढा सापडायचा.

नाना उभा जन्म बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. बोट कुठल्याही समुद्रात असली तरी रेडिओच्या खोलीतलं घड्याळ लंडनजवळच्या ग्रीनिचच्याच वेळेने, जीएमटीने, चालतं, आणि ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली, की नोकरी संपवून घरी आले तरी घड्याळाचे काटे काही त्यांनी हलवले नाहीत. ग्रीनिच आपल्यामागे साडेपाच तास. एकदा त्यांनी व्याह्यांना "सातला जेवायला या" असं सांगून ठेवलं. नानींनी दुपारी साडेबाराला पानं घेतली, आणि व्याही बिचारे संध्याकाळी सातला नवं धोतर नेसून दारात हजर. नानी तेव्हापासून येईल त्याला सांगत, "ह्यांचं लग्न लागलं माझ्याशी, पण संसार केलानी तो ग्रीनिचशी."

तारीख लिहायची त्यांची तऱ्हाही निराळीच होती. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नानींच्या लोणच्याच्या बरण्यांवर, पंपाच्या खोलीच्या दारावर, नातीच्या बारशाच्या आमंत्रणावरसुद्धा तसंच. मी विचारलं तर म्हणाले, "पंगतीत आधी कोण बसतं? वडीलधारे. मग त्यांच्यामागून पोरंटोरं. तारखेतही मोठा आधी बसला की भांडण होत नाय." मला तेव्हा हसू आलं होतं. मी रत्नागिरीत एका आंबा निर्यात करणाऱ्या शेठकडे कॉम्प्युटरवर काम करायचे, रोज एसटीने ये-जा. आम्ही नेहमी आपला दिवस आधी लिहायचो आणि आमचं काही अडत नव्हतं.

अडलं ते त्याच हंगामात. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने मेल केला, माल अमुक तारखेला द्या. आकड्यांत लिहिलेली तारीख, पाच आणि चार. आम्ही वाचली पाच एप्रिल. शेठने आंबा घाईने उतरवून घेतला, पेट्या भरल्या, ट्रक निघाला. हातखंब्याच्या तिठ्यावर ड्रायव्हर चहा पीत असताना मुंबईहून फोन आला की माल इतक्यात कशाला आणताय. तो माणूस महिना आधी लिहीत होता. त्याला चार मे हवी होती. ट्रक तिठ्यावरून परत फिरला आणि पुढचे आठ-दहा दिवस आमच्या ऑफिसात, जिन्यात, शेठच्या देवघरातसुद्धा आंब्याच्या अढ्या. मी नानांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. नुसते म्हणाले, "बघ बाय, आंबा तरी परत फिरवता आला."

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायला लागले. कामाच्या फायलींत तारखांच्या जागी भलतेच पाच आकडी नंबर उमटायचे, ते घेऊन जायचे. नाना चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि म्हणायचे, "ही पण तारीखच हाय गो. सोंग घेतलंन फक्त." प्रत्येक यंत्र वेळ मोजायला आपापल्या शून्यापासून सुरुवात करतं, हे मला त्यांनी शिकवलं. एक एकोणीसशे सत्तरपासून सेकंद मोजत येतं, दुसरं दिवस मोजतं आणि तेही एकोणीसशेपासून, तिसऱ्याचं आणखी काही. "आपल्यात शके वेगळं, संवत वेगळा. वर्ष एकच, आकडे दोन. त्यात घाबरायचं काय? आधी शून्य कुठलं ते विचार. मग गाव कुठलं ते विचार. आकड्याला गाव नसतं, गाव आपण द्यायचं." नानांच्या विद्येचा सगळा गाभा एवढाच होता, आणि तो त्यांनी मला चहाबरोबर फुकट दिला.

आमच्याकडे घराआड एक माणूस बोटीवर. त्यामुळे नानांच्या पडवीच्या टोकाला जी खोली होती, तिच्याबाहेर चपला कायम असायच्या. कोणाच्या मुलाचा मेल आलाय, वेळ कळत नाही. कोणाच्या नवऱ्याने बोट अमुक वाजता सुटेल असं कळवलंय, ते आपले किती? नाना एकेकीला नीट समजावून सांगायचे. त्या खोलीत संगणकाच्या वर एक जुनं गोल घड्याळ होतं, बोटीवरून आणलेलं. त्याच्या तबकडीवर चार फाका रंगवलेल्या होत्या, दोन लाल, दोन हिरव्या. प्रत्येक फाक तीन मिनिटांची. बोटींचा जुना नियम असा, की काटा त्या फाकेत शिरला की जगातल्या सगळ्या रेडिओंनी गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं. लाल फाकेत कडकट्टची, म्हणजे मोर्सची, तार ऐकायची, हिरव्या फाकेत माणसाचा आवाज. "बुडणाऱ्याचा आवाज बारीक असतो," नाना म्हणायचे. "इतरांनी तोंड मिटल्याशिवाय तो ऐकू येत नाय."

ते नियम केव्हाच मोडीत निघाले. बोटींवर आता उपग्रह आले आणि रेडिओ ऑफिसर ही जातच संपली. पण नानांनी गप्प बसणं सोडलं नाही. दिवसभर दर तासाला चारदा हे मौन चालायचं. बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबायचे, हात वर करायचे, आणि समोरचा माणूस तोंड उघडं टाकून तसाच. नानी वैतागून माहेरी निघाल्या तेव्हा शेवटी तह झाला. बाकी सगळं मौन बंद, फक्त पहाटे साडेपाचची हिरवी फाक तेवढी राहील. आपल्याकडे साडेपाच म्हणजे ग्रीनिचला मध्यरात्र, तिथला दिवस बदलतो ती वेळ. नाना पडवीत खुर्ची टाकून समुद्राच्या बाजूला तोंड करून बसत. गडगा उतरून जाणारा दूधवालासुद्धा तिथे किटली हलू न देता जायचा. मी एकदा त्यांच्याबरोबर बसले होते. पाखरं अजून बोलायला लागली नव्हती. खाली माडांच्या पलीकडे समुद्राची गाज तेवढी होती, आणि शेजारचा म्हातारा कान देऊन असा बसलेला, की मलाच कोणीतरी हाक मारेल असं वाटायला लागलं. तीन मिनिटं झाल्यावर मी विचारलं, "कोणी बोललं तर?" तर म्हणाले, "त्या वेळात दोघांनीच बोलायचं. एक बुडणारा, आणि दुसरा त्याला उत्तर देणारा. मी अजूनपर्यंत एकदाही बोललो नाय."

आता दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, विजू. मालवाहू बोटीवर इंजिनात फिटर होता. ज्या वर्षी आमच्याकडे वादळ झालं, टॉवर पडले आणि आठवडाभर सगळे फोन मुके झाले, त्याच आठवड्यात तो बोटीवरून नाहीसा झाला. फोन चालू झाले तेव्हा निरोपांची रास एकदम कोसळली. त्यात दादाचा आवाजातला एक निरोप होता आणि कंपनीचा फोनही त्याच सकाळी आला. संध्याकाळी जेवताना दिसला होता, पुढच्या पाळीला आला नाही, शोधलं, सापडला नाही. आईने तो निरोप ऐकला आणि वेडी आशा धरून उत्तर पाठवलं, "उठले रे बाबा, बोल." त्या उत्तरापुढे एकच टिक आली. दुसरी कधी आलीच नाही.

निरोप इतकाच होता. "आई, उठलीस काय गो? ऐकतेस ना?" मग नुसता वारा, आणि इंजिनाची धडधड.

कंपनीच्या पत्रात एक तारीख होती, मेलमध्ये दुसरी. एकाने बोटीची वेळ धरली होती, दुसऱ्याने ऑफिसची. दोन तारखांना दोन तिथ्या, आणि मधली रात्र कोणाच्याच हाताशी नाही. भटजी म्हणाले, श्राद्धाला शेवटचा शब्द ज्या तिथीला आला ती धरू, त्याला शास्त्राचा आधार आहे. तेही कळत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं पान तेव्हा वाढतात. आई ताडकन उठली. "माझा लेक बिननावाचा नव्हता. गर्दीत नाय बसायचा तो," एवढं बोलून आत गेली. शब्द कधी आला ते कोणीच बघितलं नव्हतं. त्या दिवसाच्या आकांतात वेळ कोण बघतं? आणि पुढे तो फोनच पाण्याच्या टाकीत पडला. मोबाईलवाल्याने त्यातून कशीबशी आवाजाची फाईल वाचवून नव्या फोनात घातली. निरोप राहिला, त्याची वेळ गेली.

नव्या फोनात त्या फाईलवर वेळ दिसायची ती अशी: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटे साडेपाच. सालाकडे आईने लक्षच दिलं नाही. मशीन आहे, चुकतं, म्हणाली. साडेपाच मात्र तिने मनाशी घट्ट धरले. रोज पहाटे साडेपाचला उठून, न्हाणीघरात जाऊन, चूळ भरून ती फोन मांडीवर घेऊन ओटीवर बसायला लागली. मी काही बोलले तर म्हणायची, "त्याने विचारलंन ना उठलीस काय? मग उठायला नको?"

त्यात मोबाईलवाल्याने आणखी भर घातली. त्याने फाईलच्या पोटातून एक लांबलचक आकडा शोधून काढला. म्हणाला, खरी वेळ ह्यात असते. त्याने तो नेटवर कुठेतरी घालून बघितला आणि वर्ष जे आलं ते अजून उजाडायचंच होतं. साठ-पासष्ट वर्षांनंतरचं. त्याला हसू आलं. आईला आलं नाही. एसटीत बसल्यावर ती खिडकीला टेकली. मग हळूच मला म्हणाली, "म्हणजे हे तो अजून बोलायचाय." तिच्या तोंडावर असं काही होतं की मी भ्याले. भर दुपारी, भरल्या एसटीत मला माझ्या आईची भीती वाटली. थांब्यावर उतरून मी तिला घरी नेलंच नाही, थेट नानांच्या खोलीवर नेलं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा साडेपाचचं सांगितलं. "वहिनी, यंत्राला वेळ आठवली नाय की ते शून्य लिहितं. शून्य म्हणजे सत्तर सालच्या पहिल्या दिवसाची ग्रीनिचची मध्यरात्र. तेव्हा आपल्याकडे साडेपाच. म्हणजे ही त्याच्या बोलण्याची वेळ नव्हे. हे नुसतं अंतर आहे, तिथून आपल्यापर्यंतचं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझ्याकडे किती फोन येतात असे. लग्नाचे फोटो, बारशाचे, गेलेल्या माणसांचे. ज्याची ज्याची वेळ हरवते तो त्याच एका पहाटेला जाऊन उभा राहतो. काय गर्दी असेल तिथे."

"म्हणजे सर्वपित्रीच," आई म्हणाली.

"हां वहिनी. तसंच."

"मग माझा लेक तिथे नको. काढा त्याला."

नानांनी पोटातला आकडा कागदावर उतरवून घेतला. मोबाईलवाल्याची चूक त्यांना लगेच कळली. आकडा बरोबर होता, शून्य चुकीचं धरलं होतं. असल्या आवाजाच्या फायलींतले सेकंद सत्तरपासून मोजलेले नसतात, एकोणीसशे चारपासून मोजलेले असतात. "हा पुढचा नाय वहिनी. ह्याच जगातला आहे, मागचा." आईने डोळ्याला पदर लावला. संगणकाने उत्तर क्षणात दिलं असतं, आणि दिलंही. पण नाना ते कागदावर हाताने पुन्हा करत बसले. बोटीवर एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचा रिवाज होता आणि इथे दुसरं कोणी नव्हतं. नानी चहा घेऊन आल्या तेव्हाही त्यांची वजाबाकी चालूच होती. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चष्मा काढला.

वादळाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. ग्रीनिचची मध्यरात्र होऊन एक मिनिट झालेलं. म्हणजे आमचे साडेपाच, आणि वर एक मिनिट.

मी परत परत आकडे बघितले. हरवलेल्या वेळेच्या जागी यंत्राने जे शून्य लिहिलं होतं, त्याचा दादाशी काही संबंध नव्हता. खरी वेळ अगदी वेगळ्या वाटेने निघाली, वेगळ्या शून्यावरून, आणि तीही त्याच दारात येऊन उभी राहिली. आईला ह्याचं नवल वाटलं नाही. ती साडेपाचला उठतच होती. नवल वाटलं नानांना, आणि त्यांचं कारण निराळं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्या हिरव्या फाकेत बघत ते म्हणाले, "वहिनी, मी तेव्हा जागा होतो. हितेच होतो."

नानी म्हणाल्या, "पडवीचे पत्रे उडाले होते. वरून पाणी गळत होतं. म्हटलं आजच्या दिवस राहू दे. तरी खुर्ची टाकून बसलेच."

"ऐकत होतो मी," नाना म्हणाले. "तो विचारत होता ऐकतेस ना, आणि मी ऐकतच होतो. मला काही ऐकू आलं नाय हो वहिनी." आणि तो एवढा सगळे समुद्र बघितलेला माणूस हमसून रडायला लागला. फोनवरचा आवाज पडवीत कसा ऐकू येणार, असं त्यांना कोणीही सांगितलं असतं. मी सांगणार होते. आईने माझा हात दाबला. मला नाना आधीही आवडत होते, त्या दिवसापासून ते आमचे झाले.

भटजींनी पंचांग उघडलं. सूर्य उगवायच्या आधीचं आहे, तेव्हा आदल्या दिवसाची तिथी, ज्येष्ठ वद्य द्वितीया. आईने ती एकदा म्हटली, परत एकदा म्हटली. त्या रात्री ती पहिल्यांदा सलग झोपली. पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिथी मिळाली गो. पण त्याने विचारलंन त्याला कोणी ओ दिली नाय, ते राहिलंच." ते तिच्या मनात रुतून बसलं होतं, एवढं खरं.

नानांनी मात्र त्यानंतर एक नवं चालू केलं. पहाटे बसताना आपला फोन आवाज टिपायला लावून शेजारच्या स्टुलावर ठेवायचे. "माझे कान म्हातारे झाले. माझ्याकडून एकदा चुकलं. ह्याला ऐकू दे," म्हणायचे.

महिन्याभरात ज्येष्ठ वद्य द्वितीया आली, दादाचं पहिलं श्राद्ध. आई चुलीपाशी, मी अळू चिरत होते, बाहेर नुकतं फटफटत होतं. इतक्यात अंगणात कोणी खाकरलं. बघते तर नाना. गुडघ्यांमुळे ते आमच्या घाटीच्या चिऱ्याच्या पायऱ्या कधी उतरत नसत, आणि सकाळचा चहा झाल्याशिवाय खुर्चीवरून उठत नसत. त्या दिवशी हातात काठीसुद्धा नव्हती. पाय चिखलाने भरलेले. आत या म्हटलं तर आले नाहीत. आईला म्हणाले, "वहिनी, पानात सांदण असू दे. फणसाचं. गूळ कमी." आणि परत वळले. आई आत वळली. मग मला म्हणाली, "बरी आठवण केलीनी." घरात तांदळाच्या कण्या होत्या, मागच्या दारी फणस होता. दादाला सांदण लागायचंच आणि गोडमिट्ट केलेलं चालायचं नाही, लहानपणी त्यावरून तो पानावरून उठायचा. आम्ही दोघी धांदलीत ते विसरून गेलो होतो. पान बाहेर ठेवलं आणि हात धुवायच्या आत कावळा शिवला.

पुढे नाना खचत गेले. नानी म्हणायच्या, आता हे दिवसासुद्धा ऐकत बसतात. गेल्या मार्गशीर्षात त्यांना रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी ऑफिस सुटायच्या आधीच निघून भेटायला गेले. जरा गंमत करावी म्हणून विचारलं, "नाना, किती वाजले हो?" मी "कोणाची" ऐकायला तयार होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सरळ म्हणाले, "पावणेपाच झाले बाय. तुझी गाडी चुकेल." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आपल्या गावची वेळ मी पहिल्यांदा ऐकली. मी गाडीत बसून रडले. दोन दिवसांनी ते गेले. नानींनी दाखला हातात घेतला, डोळे पुसले आणि डॉक्टरला विचारलं, "वेळ कोणाची घातलीत?" डॉक्टरला काही कळलं नाही. आम्हा दोघींना कळलं, आणि तिथल्या तिथे आम्ही हसलो.

महिना झाल्यावर नानींनी मला नानांचा फोन दिला. तो बंद पडला होता. "ह्यांचा आवाज असेल त्यात, तेवढा काढून दे गो." मी त्याच मोबाईलवाल्याकडे नेला, त्याने फायली काढून दिल्या. शेकडो पहाटा. आणि सगळ्यांवर तीच वेळ, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटे साडेपाच. पोटातले आकडे एकेक काढत बसल्याशिवाय पहिली कुठली, शेवटची कुठली, काही सांगता येईना. मी रोज थोड्या ऐकत गेले. खुर्चीची कुरकुर, गाज, कधी नानांचा खोकला, कधी लांबून कुत्रं. एकातही त्यांचा शब्द नव्हता. नानींना काय द्यायचं, असा मला प्रश्न पडला.

आणि मग एक सापडली. सुरुवात इतरांसारखीच. गाज, कुरकुर. मग ती कुरकुरही थांबते. आणि नाना बोलतात. अगदी शांतपणे, फोनवर बोलावं तसं.

"हां. ऐकतोय. बोल."

मग कोणी दोन वाक्यं बोलावं, इतका वेळ काही नाही. नुसती गाज.

"बरं. सांगतो तिला."

खुर्ची सरकते. पावलं पायऱ्या उतरत लांब जातात. काठीचा आवाज नाही. फोन तिथेच स्टुलावर ऐकत राहतो.

मी पोटातला आकडा काढला. शून्य धरलं, गाव दिलं, वजाबाकी केली आणि नानांसारखी कागदावर परत एकदा केली. तारीख निघाली ती घेऊन पंचांगात बघितलं. ज्येष्ठ वद्य द्वितीया. दादाच्या पहिल्या श्राद्धाची पहाट.

नाना दयाळू होते. तिथी त्यांनीच शोधून दिली होती, तेव्हा तो दिवस त्यांना ठाऊक असणारच. आपल्याकडून राहिलेली ओ त्यांनी त्या दिवशी मुद्दाम देऊन टाकली असेल. मी स्वतःला असं पुष्कळ समजावलं, आणि ते पटतंही. संध्याकाळी आईला जवळ बसवून तिला ते ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "दिली म्हणजे कोणीतरी ओ त्याला," एवढंच बोलली, आणि कितीतरी वेळाने तिचे खांदे सैल झाले. मग तिने डोळे उघडले.

"पण सांदणाचं त्यांना तू सांगितलंस ना?"

"मी? नाही गो. मला वाटलं तू."

"मी कधी सांगत्ये?"

बाहेर अंधार पडत होता. खालून गाज येत होती आणि घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. आई उठली, दिवा लावला आणि मला म्हणाली, "नानींना फोन कर. नानांना पानात काय काय लागायचं ते नीट विचारून घे."